दहशतवादी मजकूर तासाभरात काढावा हे मान्य, पण तो कसा काढावा? एका लहान होस्टिंगवाल्याचा प्रश्न

रामबागचा_सर्व्हरवाला

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि गेली चौदा वर्षे लहान संकेतस्थळांना सर्व्हरवर जागा भाड्याने देण्याचा व्यवसाय करतो. माझ्याकडे शाळा आहेत, शिकवणी वर्ग आहेत, दोन मिठाईची दुकाने आहेत आणि एक मराठी वाचनालय आहे. या वाचनालयाने जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. वाचकांनीही आपल्याकडचे अंक पाठवावेत, म्हणून त्या संकेतस्थळावर फाईल चढवण्याची सोय आम्ही ठेवली होती.

गेल्या महिन्यात एका रात्री पावणेबाराच्या सुमारास मला ई-मेल आला. एका सरकारी कार्यालयाच्या नावाने आलेल्या त्या पत्रात एक दुवा होता आणि ‘हा दहशतवादी मजकूर ताबडतोब काढा’ एवढे एकच वाक्य होते. आदेशाचा क्रमांक नव्हता, कलम नव्हते, अधिकाऱ्याचे नावही नव्हते. दुव्यावरच्या फाईलचे नाव ‘दिवाळी अंक १९८७’ असे होते. मी ती उघडली. पहिली दोन पाने खरोखरच एका जुन्या अंकाची होती. मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई आणि कोपऱ्यात किंमत. तिसऱ्या पानापासून एका बंदी घातलेल्या संघटनेची पुस्तिका सुरू होत होती, आणि तिच्यात माणसे कशी मारावीत हे आकृत्या काढून समजावले होते. माझे हात थरथरू लागले.

घाबरून मी ती फाईल पुसून टाकली, तो फोल्डर पुसला, सर्व्हरच्या नोंदीही पुसल्या आणि संपूर्ण संकेतस्थळ बंद केले. वाचनालयाचे सहाशेहून अधिक अंक तीन दिवस कोणालाही दिसले नाहीत. पुढे तपासासाठी फोन आला आणि ‘ती फाईल कोणी, किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून चढवली?’ असे विचारले गेले, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच उरले नव्हते. ज्याने ते विष माझ्या घरात आणून ठेवले, त्याच्या पावलांचे ठसे मी स्वतःच्या हाताने पुसले होते.

वाचनालयाचे बरेच वाचक जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये आहेत. युरोपात असा मजकूर एका तासात काढावा लागतो, असे मी वाचले आहे. तो नियम मला लागू होतो का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, माझ्यासारख्या एकट्या माणसाकडून कायद्याने काय मागावे, म्हणजे मजकूरही जाईल आणि बाकीचे निष्पाप काम वाचेल?

निवृत्त_टीआय

आपण मजकूर काढलात हे उत्तम केलेत. नोंदी पुसल्यात हे मात्र फार वाईट झाले. मी पोलीस खात्यात एकतीस वर्षे होतो आणि टीआय, म्हणजे पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक, म्हणून निवृत्त झालो; नोकरीतली शेवटची काही वर्षे सायबर गुन्ह्यांच्या तपासात गेली. तासाभराची मुदत काही लोकांना जाचक वाटते. त्यांनी १५ मार्च २०१९ चा दिवस आठवावा. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे मशिदींवर हल्ला करून ५१ माणसे मारणाऱ्याने ते हत्याकांड फेसबुकवर थेट दाखवले. फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार ते चालू असताना पाहणारे दोनशेहूनही कमी होते आणि काढले जाईपर्यंत सुमारे चार हजार वेळा ते पाहिले गेले. पहिली तक्रार आली ती चित्रण सुरू झाल्यावर २९ मिनिटांनी, म्हणजे ते संपून गेल्यावर. त्यानंतरच्या २४ तासांत त्याच चित्रफितीच्या १५ लाख प्रती फेसबुकला अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. इतक्या थोड्या माणसांनी पाहिलेल्या गोष्टीचा एका दिवसात एवढा पूर येतो, तेव्हा ‘उद्या सकाळी कार्यालय उघडल्यावर पाहू’ असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे २६/११ च्या वेळी वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार त्या पाहून आपल्या माणसांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्याबद्दल वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावले, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर केबल टीव्हीच्या नियमांतच बंदी आली. वेळेची किंमत आम्ही माणसांच्या जिवांनी मोजली आहे.

तिळकनगरची_आई

टीआय साहेब, आपण ज्या चित्रफितीबद्दल लिहिलेत ती माझ्या मुलाने पाहिली होती. तेव्हा तो आठवीत होता. शाळेच्या रिक्षात एका मोठ्या मुलाने फोनवर दाखवली. त्याला तो खेळ वाटला, कारण बंदूक खेळातल्यासारखीच समोर दिसत होती. माणसे खरी आहेत हे त्याला नंतर कळले. कित्येक दिवस तो दिवा मालवू देत नसे. कायद्याचे बारकावे मला समजत नाहीत, पण फेसबुकवरून काढलेली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्या मुलापर्यंत पोहोचली, त्याचे काय, हे कोणी जाणकारांनी सांगावे.

खंडपीठातील_वकील

मी इंदूर खंडपीठात वकिली करतो आणि गेल्या काही वर्षांत या प्रकारची प्रकरणे हाताळली आहेत. वरच्या तिन्ही प्रतिसादांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम युरोप. युरोपीय संघाचे नियमन २०२१/७८४ हे २९ एप्रिल २०२१ रोजी संमत झाले आणि ७ जून २०२२ पासून लागू झाले. कोणत्याही सदस्य राष्ट्राच्या सक्षम अधिकाऱ्याचा आदेश मिळाल्यापासून एका तासात तो मजकूर काढणे किंवा संघातील सर्व देशांत अडवणे होस्टिंग सेवेला बंधनकारक आहे. सेवा देणाऱ्याचे कार्यालय युरोपात असलेच पाहिजे असे नाही. मात्र संघाशी तिचा ठोस संबंध असावा लागतो, म्हणजे तेथे लक्षणीय संख्येने वापरकर्ते असावेत किंवा सेवा त्या देशांतील लोकांसाठी म्हणून चालवलेली असावी. संकेतस्थळ तेथून उघडते एवढ्यावरून हा संबंध सिद्ध होत नाही. इंदूरच्या वाचनालयाचे काही वाचक जर्मनीत असणे त्यासाठी पुरेसे ठरणार नाही, असे माझे मत आहे. उद्या आपण युरोपातील मराठी मंडळांना जागा विकू लागलात, तर मात्र उत्तर बदलेल आणि तेथे कायदेशीर प्रतिनिधी नेमावा लागेल.

या नियमनाबद्दल बोलताना सगळे ‘एक तास’ एवढेच बोलतात. त्या तासाभोवती काय काय बांधले आहे ते फारसे कोणी वाचत नाही. एखाद्या सेवेला पूर्वी कधीच आदेश दिलेला नसेल, तर आणीबाणीचा प्रसंग वगळता, आदेशाच्या किमान १२ तास आधी कार्यपद्धती आणि मुदती कळवाव्या लागतात. आदेशात कारणे, नेमका दुवा, कायद्याचा आधार आणि दाद मागण्याचा मार्ग द्यावा लागतो. आपल्या हातात नसलेल्या तांत्रिक कारणामुळे पालन अशक्य झाले, तर तसे विनाविलंब कळवण्याची मुभा आहे. काढलेला मजकूर व त्याच्याशी संबंधित माहिती सहा महिने जपून ठेवावी लागते. ज्याने मजकूर टाकला त्याला तो काढल्याचे कळवावे लागते. तपासासाठी गुप्तता आवश्यक असेल तर ते सहा आठवडे, आणि गरज पडल्यास आणखी सहा आठवडे, लांबवता येते. पत्रकारिता, शिक्षण, संशोधन आणि कला यांसाठी प्रसृत केलेले साहित्य दहशतवादी मजकूर मानले जात नाही. वारंवार किंवा पद्धतशीरपणे टाळाटाळ करणाऱ्यास जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता आपला देश. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘मध्यस्थ’ या शब्दाच्या व्याख्येत वेब होस्टिंग सेवा नाव घेऊन समाविष्ट आहे, त्यामुळे ‘मी लहान आहे’ हा बचाव नाही. कलम ६९-अ खाली केंद्र सरकार मजकूर अडवू शकते, आणि तो आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ७९ खाली, इतरांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून मध्यस्थाला संरक्षण आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर किंवा शासनाच्या सूचनेनंतरही मजकूर न काढल्यास ते जाते. मध्यस्थांसाठीच्या २०२१ च्या नियमांत यासाठी ३६ तास होते, फेब्रुवारी २०२६ मध्ये ते तीन तासांवर आणले गेले. म्हणजे आपणही युरोपच्या जवळ येऊन पोहोचलो आहोत. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना कनिष्ठ अधिकाऱ्याला पाठवता येत नाही. केंद्र किंवा राज्य शासनाचा सहसचिव दर्जाचा अधिकारी, पोलिसांच्या बाबतीत खास अधिकार दिलेला उपमहानिरीक्षक दर्जाचा अधिकारी, आणि कारणे, कलम व नेमका दुवा नमूद केलेली लेखी सूचना, असे बंधन आले आहे. धागाकर्त्यांना आलेला एका ओळीचा ई-मेल या कसोटीला उतरत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे: काढलेला मजकूर व त्याच्या नोंदी १८० दिवस जपणे २०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडेही बंधनकारक आहे. आपण घाबरून जे पुसलेत, ते जपणे हेच कायद्याला हवे होते.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर सुखद नाही. युरोपचे नियमन लोकांसमोर जाहीर ठेवलेल्या मजकुरापुरते आहे. दोन व्यक्तींमधील खाजगी संदेश त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, कारण ते तपासायचे म्हटले तर प्रत्येकाचे पत्र फोडावे लागेल. म्हणूनच उगमाशी, जाहीर जागेवर, मजकूर लवकर अडवण्याला एवढे महत्त्व आहे.

तिळकनगरची_आई

धन्यवाद वकीलसाहेब. पत्रे फोडावीत असे मलाही वाटत नाही. उगमाशी अडवावे हे पटले.

इतिहासाचा_मास्तर

वेगाबद्दल टीआय साहेबांशी माझे भांडण नाही. पण ‘दहशतवादी मजकूर’ ठरवणारा कोण, या प्रश्नापाशी मराठी माणसाने तरी क्षणभर थांबले पाहिजे. १९०८ साली मुझफ्फरपूरला बाँब फुटला, दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मेल्या. टिळकांनी ‘केसरी’त त्या घटनेची कारणमीमांसा केली. सरकारच्या दृष्टीने ते लेखन हिंसेला खतपाणी घालणारे होते, आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी हिंसेला चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदाही सरकारने केला. बाँबचे समर्थन आणि बाँब का फुटला याचे विवेचन, यांतला फरक तेव्हाच्या सत्तेला दिसला नाही. आजच्या अधिकाऱ्याला तो रात्री पावणेबारा वाजता, तासाभराच्या धाकाखाली, दिसेलच असे मी मानत नाही.

पुराव्याचा मुद्दाही धागाकर्त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडला आहे, त्याला जोड देतो. ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील कमांडर महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले, त्याचा मोठा आधार समाजमाध्यमांवर आलेल्या हत्यांच्या चित्रफिती हा होता. त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित चाळणीमुळे सीरियातील युद्धाच्या, स्थानिक कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन टिपलेल्या, असंख्य चित्रफिती नाहीशा झाल्या. मारणाऱ्याची फुशारकी आणि मरणाऱ्याची साक्ष अनेकदा एकाच चित्रफितीत असते. ती लोकांसमोरून काढणे आणि ती नष्ट करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि कायद्याने त्या वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत.

निवृत्त_टीआय

मास्तर, टिळकांचा अग्रलेख आणि धागाकर्त्यांना सापडलेली पुस्तिका एका तराजूत घालू नका. माणसे मारण्याच्या आकृत्यांना विवेचन म्हणत नाहीत.

इतिहासाचा_मास्तर

मी घालत नाही. १९०८ च्या सरकारने घातली होती. ती पुस्तिका तासाभरातच काय, पाच मिनिटांत काढावी. पण जो आदेश त्या पुस्तिकेसाठी निघतो, तोच आदेश, त्याच एका ओळीत, उद्या अग्रलेखासाठी निघू नये म्हणून त्यावर कारण आणि सही हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त_टीआय

सहीला माझा विरोध नाही. सही करायला घाबरतो तो अधिकारी आदेश काढायला पात्रच नाही, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना नेहमी सांगत आलो.

रात्रपाळी_विजयनगर

हा धागा वाचून पहिल्यांदाच या विषयावर लिहिते आहे. विजयनगरमधल्या एका कार्यालयात दोन वर्षे मी मजकूर तपासण्याचे काम केले. आमचे काम दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी चालत असे. रात्री दहा ते सकाळी सात. चित्रफीत पडद्यावर लहान लहान चौकटींत तुकडे करून येते, करड्या रंगात आणि आवाज बंद करून, म्हणजे पाहणाऱ्याला कमी त्रास व्हावा. रक्त करडे दिसले तरी ते रक्त आहे हे कळतेच. एकेका चित्रफितीला काही सेकंदच मिळत.

एका रात्री सारख्याच दोन चित्रफिती माझ्यासमोर एकामागून एक आल्या. पहिलीत कोपऱ्यात संघटनेचा झेंडा होता, ती मी काढली. दुसरीत तीच चौकट, तोच धूर, तेच गुडघ्यांवर बसलेले लोक. मी तिच्यावरही बोट नेले होते. काय वाटले कोणास ठाऊक, मी आवाज सुरू केला, तर एका वार्ताहराचा मराठी आवाज आला. बातमी होती ती, आणि तो सांगत होता की या लोकांच्या घरच्यांना अजून प्रेतेही मिळालेली नाहीत. मी ती ठेवली. त्या रात्री आवाज सुरू केला नसता तर ती गेली असती, आणि ती का गेली हे त्या वार्ताहराला कधीच कळले नसते.

म्हणून मला वाटते की मुदत कितीही ठेवा, पण ज्याचा मजकूर गेला त्याला कळवणे सक्तीचे असावे. आमची चूक दाखवून देणारा दुसरा कोणीच नसतो.

खंडपीठातील_वकील

आपला अनुभव वाचून काही वेळ लिहिता आले नाही. तो या चर्चेत फार मोलाचा आहे, कारण नेमके याच जागी आपला कायदा अपुरा पडतो. श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देणारे कलम ६६-अ रद्द केले, पण मजकूर अडवण्याचे कलम ६९-अ टिकवले. टिकवताना आधार हाच घेतला की आदेशाला लेखी कारणे असतात आणि मजकूर टाकणारा सापडला तर त्याचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात मजकूर अडवण्याबाबतच्या २००९ च्या नियमांतील नियम १६ खाली तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गुप्त ठेवली जाते. कारणे लिहिलेली असतात, पण ज्याने वाचायची त्याच्या हाती ती पडत नाहीत. तपासापुरती गुप्तता मी समजू शकतो; तिला युरोपाप्रमाणे आठवड्यांची मर्यादा घालावी, असे मला मनापासून वाटते.

कोड_लिहिणारा

रात्रपाळी ताई, तुम्ही जे पाहिलेत ते यंत्राला का दिसत नाही हे थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी एकत्र येऊन एक मंच काढला. ओळखलेल्या चित्रफितीचा डिजिटल ठसा, म्हणजे त्या चित्रावरून काढलेली आकड्यांची ओळ, ते एका सामायिक कोशात ठेवतात; चित्रफीत न देता फक्त ठसा देतात. दुसरीकडे तोच ठसा आला की ती अडवता येते. पण ठसा चित्राचा असतो, हेतूचा नसतो. बातमीतही तेच चित्र, प्रचारातही तेच चित्र. क्राइस्टचर्चच्या वेळी तर लोकांनी कडा कापून आणि पडद्याचे चित्रण करून आठशेहून अधिक वेगळी रूपे बनवली, त्यामुळे कित्येक ठशातूनही निसटली. युरोपच्या नियमनाने असे यंत्र वापरण्याची सक्ती केलेली नाही, हे मला योग्य वाटते.

धागाकर्त्यांच्या वाचनालयाशी जुळणारे एक उदाहरणही आहे. एप्रिल २०१९ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयाने जाहीर केले की एका आठवड्यात त्यांच्या साडेपाचशेहून अधिक दुव्यांवर दहशतवादी मजकूर असल्याच्या चुकीच्या सूचना युरोपातून आल्या. त्यांत विद्वत्तापूर्ण लेख होते आणि लाखो वस्तूंच्या संग्रहांची मुख्य पानेही होती. तेव्हा तो तासाचा नियम लागू नव्हता. लागू असता आणि त्या सूचना आदेश असत्या, तर संग्रहच्या संग्रह बंद पडले असते.

माळव्यातला_वाचक

अर्काइव्हवरच मला माझ्या आजोबांनी संपादित केलेला अंक सापडला होता. हे वाचून काळजात चर्र झाले.

रामबागचा_सर्व्हरवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या दहा दिवसांत मी काय केले ते सांगतो, म्हणजे माझ्यासारख्या इतरांना उपयोग होईल.

वकीलसाहेबांच्या सल्ल्याने मी त्या कार्यालयाला लेखी विचारणा केली. आठ दिवसांनी कलम, कारण, दुवा आणि सही असलेले पत्र मिळाले, त्यामुळे आदेश खरा होता हे कळले. ते पत्र पहिल्याच रात्री मिळाले असते, तर मी एक फाईल काढली असती आणि सहाशे अंक चालू राहिले असते. नुसता दुवा दिला आणि कारण, कलम, सही काहीच दिले नाही की घाबरलेला माणूस सगळेच घर पेटवून देतो, हे मी स्वतः अनुभवले.

वाचकांनी चढवलेल्या फाईली आता आधी एका बंद फोल्डरमध्ये जातात. वाचनालयातील माणसाने पाहिल्याशिवाय त्या जाहीर होत नाहीत. आदेश आला तर ती एक फाईल जाहीर जागेवरून निघून कुलूपबंद जागी जाईल आणि नोंदींसह १८० दिवस तेथेच राहील. आदेश स्वीकारण्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता ठेवला आहे आणि रात्री त्यावर पत्र आले की माझा व माझ्या पुतण्याचा, असे दोन्ही फोन वाजतात. तीन तास आम्हाला पेलतील. एक तासही बहुधा पेलेल, पण दोघेही लग्नाला गेलो असू त्या दिवशी नाही, आणि त्या दिवसासाठी ‘अशक्य झाले, कळवतो’ ही मुभा आपल्या नियमांतही स्पष्ट शब्दांत असावी, अशी माझी मागणी आहे.

वकीलसाहेब, एक शंका उरली. फाईल काढल्यावर त्या जागी वाचकाला काय दिसावे? रिकामे पान ठेवणे मला बरोबर वाटत नाही.

खंडपीठातील_वकील

आदेशात गुप्तता सांगितली नसेल, तर काढल्याची तारीख आणि कलम लिहावे. मजकुराचे वर्णन किंवा संघटनेचे नाव लिहू नये, म्हणजे कोणी ते शोधायला जाणार नाही.

वाचनालयाची_ग्रंथपाल

मीही हा धागा पहिल्यापासून वाचते आहे, आज लिहिते. तीन दिवस संकेतस्थळ बंद होते तेव्हा पुण्याहून, देवासहून, बडोद्याहून फोन आले. एका आजींना त्यांच्या लग्नाच्या वर्षीचा अंक नातीला दाखवायचा होता. सर्व्हरवाल्या भाऊंवर तेव्हा मी रागावले होते, तो राग आता नाही.

त्या फाईलची पहिली दोन पाने आमच्या मूळ अंकाशी ताडून पाहावीत म्हणून मी कपाट उघडले, तर १९८७ चा तो अंक आमच्याकडे नव्हताच. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्या जागी आता तारीख आणि कलम लिहिले आहे. त्याखाली मी एक ओळ वाढवली आहे: ‘या वर्षाचा खरा अंक आमच्या संग्रहात नाही. कोणाकडे असल्यास कृपया कळवावे, आम्ही स्वतः येऊन स्कॅन करून घेऊ.’ काल सुदामा नगरमधून एकांचा फोन आला. रविवारी जाणार आहे.